हुकूम पावताच पाणी सोडणे

चनबसप्पा हत्तुरे यांचा अर्ज लहान बाळाच्या बोबड्या बोलात मोठ्याने वाचला गेला, तो नळाला पाणी यायचा दिवस होता. म्हणजे सगळी गल्ली घागरी, कळश्या आणि पाइप घेऊन दारात उभी होती आणि अपमानाला साक्षीदारांची कमतरता नव्हती.

तसा अपमान चनबसप्पांना नवा नव्हता. एका शाळेत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेल्या माणसाला अपमानाची सवय असतेच. पण आजवर जे अपमान झाले ते त्यांचे स्वतःचे झाले, अर्जाचा कधी झाला नव्हता. अर्ज ही त्यांची दुखरी आणि अभिमानाची, दोन्ही जागा. समास किती सोडायचा, 'विषय' कुठे लिहायचा, 'संदर्भ' त्याच्या वर की खाली, 'मेहेरबान' आणि 'साहेब' यांच्यामध्ये मान किती झुकवायची, हे सबंध मल्लिनाथ कॉलनीत त्यांच्याइतकं कोणालाही कळत नव्हतं. कोणाच्या मुलाचा दाखला असो, कोणाची पेन्शन अडकलेली असो, माणसं अप्पांकडे येत. अप्पा चष्मा पुसत, आधी त्या माणसाने स्वतः लिहिलेला कागद दोन बोटांत धरून मेलेल्या पालीसारखा बाजूला ठेवत आणि मग नव्याने 'सविनय' सुरू करत.

कॉलनीची तिसरी गल्ली उताराच्या उलट्या बाजूला आहे. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं याचं कोणाला काही वाटत नाही. आलेल्या दिवशी ते आपल्या दारापर्यंत पोहोचतं की नाही, एवढाच प्रश्न असतो. तिसऱ्या गल्लीत ते निम्म्यापर्यंत पोहोचायचं. पुढे नळातून नुसता फुस्स फुस्स असा आवाज यायचा. कोपऱ्यावरच्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह नादुरुस्त होता आणि अर्ध्यावर अडकून बसला होता, हे लहान पोरांनाही माहीत होतं. गल्लीच्या पार टोकाला मथुराबाई एकट्या राहायच्या. त्या बिचाऱ्या दर पाण्याच्या दिवशी घागर कमरेवर घेऊन चनबसप्पांच्या नळावर यायच्या. येताना काही बोलायच्या नाहीत. घागर भरली की म्हणायच्या, "आप्पा, अर्जाचं काय झालं वो?"

एवढं एकच वाक्य, पण ते चनबसप्पांच्या काळजात जाऊन बसायचं. कारण अर्ज त्यांनी एक नाही, पुष्कळ केले होते. एकाहून एक सरस. शेवटचा तर असा उतरला होता की पाठवण्याऐवजी फ्रेम करून भिंतीवर लावावा. प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोहोच त्यांच्या फाइलमध्ये होती. पाणी तेवढं फाइलमध्ये नव्हतं.

तर त्या दिवशी ते नवा अर्ज तोंडी सांगत होते आणि त्यांची सून अपेक्षा तो मोबाइलवर लिहून घेत होती. अपेक्षा शाळेत मराठी शिकवते. मुलांना धड्यात गोडी वाटावी म्हणून तिने कुठूनतरी एक वेबसाइट शोधून काढली होती. त्यात काही विशेष नाही. एका चौकोनात मजकूर टाकायचा, ढंग निवडायचा, बटण दाबायचं. मजकूर शाहिरी होतो, नाटकी होतो, आजीच्या गोष्टीसारखा होतो. फुकट आहे, नाव-गाव विचारत नाही. अपेक्षाने गंमत म्हणून सासऱ्यांचा अर्ज त्या चौकोनात टाकला, 'बोबडं बाळ' हा ढंग निवडला आणि हसू आवरेना म्हणून दारातच वाचून दाखवला.

"शाएब काका, आमच्या नळाला पानी नाई. घागल लिकामी हाय. तुमी या ना. नाई आलात तल कट्टी!"

गल्ली खदखदून हसली. समोरचे बिरप्पा, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, यांनी तर पाइप सोडून दिला आणि अख्ख्या गल्लीला पुरत नसलेलं पाणी दोन मिनिटं गटारात जाऊ दिलं.

"अप्पा, ह्योच पाठवा की! लई झ्याक हाय!"

"बिरप्पा," चनबसप्पा म्हणाले, "शासकीय पत्रव्यवहार म्हणजे स्टेरिंग नव्हे, कोणीही धरायला." आणि ते आत निघून गेले. पत्नी लेकीकडे अकलूजला गेलेली, त्यामुळे रागावून जेवण नाकारायचीही सोय नव्हती. रागावलेल्या माणसाला जेव म्हणणारं कोणीतरी लागतं. शेवटी त्यांनी स्वतःच्याच हाताने ताट वाढून घेतलं आणि कडक भाकरी शेंगांच्या चटणीबरोबर अशी काही चावली की बाहेरच्यांना ऐकू जावं.

अपेक्षा वरमली. सासऱ्यांना जरा बरं वाटावं म्हणून तिने आत येऊन दुसरा ढंग लावून दाखवला. राजेशाही.

"हे ऐका अप्पा, हे चांगलंय. 'खासा स्वारी चनबसप्पाजी हत्तुरे यांची आज्ञा ऐसीजे. आमचे मुलखाचे टोकास रयत पाण्यावाचून तळमळते, हे आम्हांस खपत नाही. हा हुकूम पावताच व्हॉल्व्ह दुरुस्त करून पाणी सोडणे. कामात दिरंगाई झालियास मुलाहिजा होणार नाही. जाणिजे.' खाली शिक्का पण येतोय बघा, गोल!"

"थिल्लरपणा आहे," चनबसप्पा म्हणाले. मग घास गिळून म्हणाले, "परत वाच."

अपेक्षाने परत वाचलं.

"'मुलाहिजा होणार नाही' हे कोणाला उद्देशून आहे?"

"तुमच्या त्या साहेबांना."

"हूं," असं म्हणून चनबसप्पांनी चटणी वाढून घेतली. खोटं कशाला बोला, त्या वाक्यावर त्यांची मान नकळत थोडी ताठ झाली होती. जन्मभर मेहेरबानांपुढे वाकलेली मान ती. पण लगेच त्यांनी ती जागेवर आणली आणि सुनेला बजावलं, "हे पुरे. माझा मूळ अर्ज माझ्या मोबाइलवर पाठव. पुढचं मी बघतो. छापून घेण्याइतकी अक्कल आहे मला."

अपेक्षाने मूळ अर्ज पाठवला. आणि सासरे दोनदा वाचायला लावतात म्हणजे त्यांना आवडलं असणार, या समजुतीने राजेशाहीही पाठवला. इथपर्यंत कोणाचीच चूक नव्हती.

चूक झाली ती रत्नदीपच्या झेरॉक्सच्या दुकानात, आणि ती चूक हेडक्लार्कशिवाय दुसऱ्या कोणाच्याही हातून होणं शक्य नव्हतं. मोबाइलच्या पडद्यावर दोन कागद दिसत होते, नखाएवढे. अक्षर वाचायचं तर चष्मा बदलायला हवा. पण चनबसप्पांना वाचण्याची गरजच पडली नाही. एका कागदावर गोल शिक्का होता, दुसऱ्यावर नव्हता, आणि सुनेचं 'शिक्का पण येतोय' हे वाक्य भाकरीच्या आवाजात त्यांच्या कानावरून गेलं होतं. ज्यावर शिक्का तो कागद खरा, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. शिक्क्याच्या कागदावर त्यांनी अंगठा दाबला आणि तो रत्नदीपला पाठवून दिला.

रत्नदीपने दोन प्रती काढल्या, काढता काढता वाचल्या आणि तो उठून उभाच राहिला.

"काका, काय लिहिलंय! च्यायला, असा अर्ज मी जिंदगीत बघितला नाही."

"तपश्चर्या आहे," चनबसप्पा म्हणाले. "कागद जरा जाड वापरायला काय होतं तुला?"

"पण काका, साहेबाला डायरेक्ट असं..."

"रत्नदीप, तुझं काम छापायचं. मजकूर माझ्यावर सोड."

सही करतानाही त्यांनी मजकूर पाहिला नाही. याला कारण आहे. शाळेत हेडमास्तरांच्या सह्या घेताना ते कागदांची चळत अशी लावायचे की सहीच्या तेवढ्या जागा बाहेर डोकावतील आणि मजकूर झाकलेला राहील. वाचायला मिळालं की हेडमास्तर शंका काढत. तीच सवय. कापडी पिशवीने वरचा कागद झाकला, वरच्याने खालचा, आणि दोन्हीवर झोकदार सही ठोकली. पाण्याच्या ऑफिसात आवक खिडकीवर कागद सरकवला, पोहोचेवर शिक्का नीट उमटला की नाही हे उजेडात धरून पाहिलं, शाई पसरू नये म्हणून फुंकर घातली आणि घरी येऊन फाइलला लावून टाकलं.

आणि मग आक्रीत झालं.

पुढचा पाण्याचा दिवस यायच्या आतच एक टेम्पो गल्लीच्या कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. त्यातून माणसं उतरली, कुदळी उतरल्या आणि नवा कोरा व्हॉल्व्ह उतरला. काम करणारी माणसं चहाला थांबली नाहीत. ही गोष्ट बिरप्पा अजूनही शपथेवर सांगतात: चहा विचारला तर एकजण म्हणाला, "नको, वरनं लई अर्जंट हाय." संध्याकाळी खड्डा बुजला, वर लोखंडी झाकण बसलं. पाणी आलं ते असं आलं की मथुराबाईंच्या नळाची जुनी तोटी उडून समोरच्या भिंतीवर आदळली. मथुराबाई घागर लावायची विसरून नळाकडे नुसत्या बघत राहिल्या. मग लुगड्याचा पदर डोळ्याला लावून पायरीवर बसल्या.

गल्लीने अप्पांचा सत्कार केला. बिरप्पांच्या कट्ट्यावर टॉवेल, टोपी, नारळ. चनबसप्पांनी उत्तराचं भाषण केलं. भाषण लांबलं, पण ज्याच्यामुळे बादली भरते त्याचं भाषण लोक ऐकून घेतात.

"लोक म्हणतात अर्ज करून काही होत नाही," ते म्हणाले. "होतं! अर्जात नम्रता हवी. भाषा शुद्ध हवी. आजकाल एक बटण दाबून वाटेल ते लिहिणारी यंत्रं निघाली आहेत." इथे त्यांनी अपेक्षाकडे पाहिलं. "पण मंडळी, शासन हे नम्र आणि शुद्ध मजकुरापुढेच झुकतं, हे आज सिद्ध झालं."

टाळ्या पडल्या. मागे उभा असलेला रत्नदीप हाताची घडी घालून विचित्र चेहरा करून ऐकत होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण काकांनी मजकूर त्यांच्यावर सोडायला सांगितलं होतं.

पत्र आलं ते सत्काराचा नारळ फोडून त्याची बर्फी संपायच्या आत. पाण्याच्या ऑफिसचा शिपाई आला आणि सही घेऊन गेला. चनबसप्पांना वाटलं, आभाराचं असेल. त्यांनी मुद्दाम कट्ट्यावर, बिरप्पा आणि मथुराबाईंच्या समोर, ते मोठ्याने वाचायला घेतलं.

"'आपण कोणत्या अधिकारात या कार्यालयास हुकूम दिला, याचा लेखी खुलासा समक्ष हजर राहून करावा. तसेच आपण स्वतःचा उल्लेख "खासा स्वारी" असा केला असून...'"

चनबसप्पा घरात गेले, फाइल काढली, चष्मा बदलला आणि पोहोचेचा कागद आयुष्यात पहिल्यांदा वाचला. वरती दोन तलवारींची नक्षी होती. खाली गोल राजमुद्रा, तिच्यावर ऑफिसचा निळा शिक्का, आणि दोहोंच्या मधोमध त्यांची स्वतःची झोकदार सही.

"अय्यो शिवा," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

संताप कशाचा आला होता ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला. यंत्राचा आला होता, सुनेचा आला होता, स्वतःच्या चष्म्याचा आला होता. पण सगळ्यांच्या तळाशी एक वेगळाच संताप होता. इतकी वर्षं सविनय लिहिलं, कृपाळू व्हा म्हटलं, नम्र विनंती केली, तेव्हा या लोकांनी ढुंकून पाहिलं नाही. आणि एका फुकट वेबसाइटने दोन तलवारी काढून दटावलं तर टेम्पो घेऊन धावत आले! हा पाण्याचा विजय नव्हता. त्यांच्या सगळ्या फाइलीच्या तोंडात मारलेली ही चपराक होती.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही आणि सल्ले यायला त्याहून कमी.

"माझं ऐका," बिरप्पा म्हणाले. "डोकं फिरलंय म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट आना. आमच्या डेपोत एकानं बस शेतात घातली हुती. सर्टिफिकेट आनलं, परमोशन झालं त्याचं!"

"माझं डोकं फिरलेलं नाही!"

"मला म्हाईत हाय वो. सायबाला कुटं म्हाईत हाय?"

रत्नदीपने हळूच सांगितलं की त्या अर्जाची एक प्रत त्याने आवडली म्हणून दुकानात लावली आहे आणि लोक फोटो काढून नेतात. अपेक्षा रडवेली होऊन म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर, अप्पा. मीच केलंय म्हणून सांगते." चनबसप्पांनी नकार दिला. सही त्यांची होती. सहीला सून जबाबदार नसते.

मथुराबाईंनी सल्ला दिला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आप्पा, तुमी काय बी बोला, काय बी लिवून द्या. पर पानी जाऊ देऊ नका. आता माझ्यानं घागर उचलंना झालीय वो."

पाण्याच्या ऑफिसात रेश्मा मॅडम नावाच्या इंजिनिअर होत्या. तरुण, पण चेहरा दमलेला. टेबलावर तो हुकूम ठेवलेला होता आणि बाहेरच्या खोलीतली माणसं आलटून पालटून दारातून डोकावत होती. खासा स्वारी कशी दिसते ते त्यांना बघायचं होतं. खासा स्वारी बुशशर्टमध्ये, हातात कापडी पिशवी घेऊन उभी होती.

"बसा, हत्तुरे साहेब," मॅडम म्हणाल्या. "हे तुम्हीच लिहिलंत?"

"सही माझी आहे. भाषा यंत्राची आहे." चनबसप्पांनी सगळी हकिगत सांगितली, आणि शेवटी न राहवून विचारलं, "पण मॅडम, तुमच्या लोकांनी हे खरं मानलंच कसं? वरती तलवारी आहेत!"

मॅडमनी कपाळ चोळलं. "आमचा आवकचा कारकून मजकूर वाचत नाही हो. दिवसाला ढीग येतो. तो शेवट बघतो. शेवटी विनंती असली की अर्ज. अर्ज अर्जांच्या गठ्ठ्यात. यात विनंती नव्हती, दम होता. दम फक्त वरून येतो. म्हणून त्याने तो वरून आलेल्या कागदांत टाकला. फोरमनने 'मुलाहिजा होणार नाही' एवढं वाचलं आणि टेम्पो काढला. त्याला मागच्याच आठवड्यात असंच झापलं होतं वरून."

चनबसप्पांना फार बोलायचं होतं. पण वाचल्याशिवाय सही ठोकणाऱ्या माणसाने वाचल्याशिवाय गठ्ठ्यात टाकणाऱ्याला काय बोलावं, हे त्यांना सुचेना. ते म्हणाले, "ठीक आहे. झालं ते झालं. काम चांगलं झालंय. मी खुलासा देतो, दिलगिरी देतो. विषय संपला."

"विषय तिथेच सुरू होतो ना," मॅडम म्हणाल्या. "काम झालं, पण आदेश कोणाचा? ऑडिटला काय दाखवू? खासा स्वारी? आदेश नाही म्हणजे काम अनधिकृत. अनधिकृत काम पूर्ववत करावं लागतं."

"पूर्ववत म्हणजे?"

"व्हॉल्व्ह पहिल्यासारखा अर्ध्यावर आणून ठेवायचा."

चनबसप्पा उभे राहिले. पिशवीतून त्यांनी फाइल काढून टेबलावर ठेवली. "हे माझे अर्ज. सगळ्यांवर तुमचे शिक्के आहेत. यातला कोणताही एक घ्या आणि म्हणा, या अर्जावरून काम केलं. झालं अधिकृत!"

मॅडमनी फाइल चाळली. खरंच चाळली, एक-दोन अर्ज वाचलेही. "फार सुंदर लिहिता तुम्ही," त्या मनापासून म्हणाल्या. "पण हे विचाराधीन आहेत. विचाराधीन अर्जावर काम करता येत नाही. विचार संपावा लागतो."

"आणि विचार कधी संपणार?"

"नवीन अर्ज द्या. क्रमाने घेऊ."

बाहेरच्या खोलीत तोवर कोणीतरी ती वेबसाइट उघडली होती आणि एका परिपत्रकाचं बोबडं करून वाचलं जात होतं. हास्याचा स्फोट झाला. रेश्मा मॅडमना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. चनबसप्पा फाइल छातीशी धरून जिना उतरले. कोणी इतकं गोड बोलून त्यांना इतकं चिरडलं नव्हतं. सुंदर लिहिता म्हणे! सुंदर लिहायला ती काय लग्नपत्रिका होती?

घरी येऊन त्यांनी खुलासा लिहिला नाही. नवा अर्जही लिहिला नाही. कागद घेऊन बसले आणि उठले. अपेक्षा घाबरत घाबरत म्हणाली, "अप्पा, अजून एक राजेशाही पाठवायचा का? या वेळी नाव न घालता?"

"नाही," चनबसप्पा म्हणाले. "मला जे बोलायचं ते बोलायला तलवारी लागत नाहीत."

पण नक्की काय बोलायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

संगप्पा चावीवाला आला तो भर दुपारी. गल्ल्यांना पाणी सोडणारा आणि बंद करणारा हा माणूस. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी, डोक्याला टॉवेल. ऊन असं की कुत्री गाड्यांखाली शिरलेली. तरी त्याने खड्ड्यावरचं झाकण सरकवल्याचा आवाज झाला आणि दारं उघडली. बिरप्पा बनियनवर आले. रत्नदीप दुकान उघडं टाकून आला. अपेक्षा शाळेतून नुकतीच येत होती, ती पर्स खांद्याला लावून तशीच थांबली. मथुराबाई टोकाच्या घरातून भिंतीला धरत धरत निघाल्या. नेमका पाण्याचा दिवस होता, नळ चालू होते.

"काय करायलाय रं?" बिरप्पांनी विचारलं.

"पहिल्यावानी करायचं हाय. ऑर्डर हाय," संगप्पा म्हणाला आणि चावी खड्ड्यात सोडली.

सगळ्यांनी चनबसप्पांच्या दाराकडे पाहिलं. ते पायरीवर उभे होते. पायात चप्पल नव्हती, शर्टाची वरची गुंडी उघडी होती. ते तापलेल्या रस्त्यावरून तसेच चालत आले आणि खड्ड्याच्या काठावर उभे राहिले.

"संगप्पा," ते म्हणाले, "चावी काढ."

"आप्पा, ऑर्डर हाय म्हनलो की."

"असेल. चावी काढ."

"मग ही कुनाची ऑर्डर?"

चनबसप्पांनी एकदा मथुराबाईंकडे पाहिलं. त्या निम्म्या गल्लीत भिंतीला टेकून दम खात होत्या.

"माझी," ते म्हणाले.

टोकाच्या घरातल्या नळाचं पाणी हंड्यात पडत होतं, ते कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. संगप्पाने टॉवेलने तोंड पुसलं. तो दोन हुकमांच्या मधे उभा होता, एक ऑफिसातला आणि एक समोरचा, आणि समोरच्याचा चेहरा लालभडक झालेला होता.

"मग तसं लिवून द्या की, आप्पा," तो हळूच म्हणाला. "म्हंजे माझ्यावर याला नको."

"लिहून देणार नाही!" चनबसप्पा असे ओरडले की गाडीखालचं कुत्रं उठून पळालं. "आजवर लिहूनच दिलं! वाचलं कोणी? तोंडाने सांगतोय. म्हातारी बाई आहे तिथं, तिच्या घरी पाणी येतंय, ते कोणी बंद करायचं नाही. ऑडिट असो नाहीतर कोणी असो. जाऊन सांग त्यांना, हत्तुऱ्यांनी नको म्हटलं. झाकण लाव!"

आता काय होणार हे कोणालाच कळेना. रत्नदीप एक पाऊल पुढे सरकला. बिरप्पांनी बनियन खाली ओढलं. आणि संगप्पाने, खांदे उडवून, जणू इतके दिवस कोणी नीट सांगायचीच वाट पाहत होता अशा थाटात, चावी वर ओढली, झाकण पायाने जागेवर ढकललं आणि सायकलला चावी बांधायला लागला.

चनबसप्पांना चक्कर आल्यासारखं झालं. ते बिरप्पांच्या कट्ट्यावर टेकले. तळपाय भाजले होते, हे आत्ता त्यांना कळलं. "पाणी," ते म्हणाले. अपेक्षा घराकडे धावली, पण मथुराबाईंनी तिला हातानेच थांबवलं आणि स्वतः परत फिरल्या. त्या आपल्या घरी गेल्या, स्वतःच्या नळाखाली तांब्या धरला आणि तो भरून दोन्ही हातांनी सांभाळत गल्लीभर चालत आल्या.

"घ्या आप्पा. माझ्या नळाचं हाय."

चनबसप्पांनी तांब्या तोंडाला लावला. एक घोट घेतला, थांबले, तांब्यात डोकावून पाहिलं. पाणी गढूळ होतं. त्यांनी तांब्या कट्ट्यावर ठेवला, उठून उभे राहिले आणि कोपऱ्यावर वळणाऱ्या सायकलकडे बघून हाक मारली.

"संगप्पा! पुढच्या वेळी असलं गढूळ चालणार नाही!"

सायकलवरून मागे न बघता संगप्पा ओरडला, "व्हय सायेब!"